स्तनकर्करोगाची तपासणी : संख्येच्या पलीकडचा अचूकतेचा प्रश्न

मुंबई : स्तनकर्करोगाच्या तपासणी मोहिमेचा अहवाल बहुतेक वेळा एकाच आकड्यावर संपतो. किती महिलांची तपासणी झाली, हा तो आकडा. जिल्ह्याचे उद्दिष्ट, राज्याची कामगिरी आणि केंद्राचा आढावा या तिन्ही पातळ्यांवर तोच मोजला जातो. मात्र ‘सर्व काही ठीक आहे’ असे सांगून घरी पाठवलेल्या महिलांपैकी किती जणींना प्रत्यक्षात कर्करोग होता आणि ‘मोठ्या रुग्णालयात जा’ असे सांगितलेल्यांपैकी किती जणींना तो नव्हता, या दोन प्रश्नांची उत्तरे त्या आकड्यातून मिळत नाहीत. तपासणीचा खरा कस या दोन प्रश्नांवर लागतो आणि भारतात त्यांची उत्तरे फार थोड्या ठिकाणी शोधली गेली आहेत.

प्रश्नाचे गांभीर्य मोठे आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतात त्या वर्षी स्तनकर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८ हजार महिलांचा या आजाराने मृत्यू झाला. देशातील महिलांमध्ये आढळणारा हा सर्वाधिक प्रमाणातील कर्करोग आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये जाहीर केलेल्या कार्यपद्धतीनुसार ३० ते ६५ वर्षे वयोगटातील महिलांची दर पाच वर्षांनी प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्यांकडून हाताने स्तनतपासणी व्हावी, असे अपेक्षित आहे. प्रत्यक्षात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, ३० ते ४९ वर्षे वयाच्या केवळ ०.९ टक्के महिलांनी आपली अशी तपासणी कधीतरी झाल्याचे सांगितले होते. त्यानंतर मोहिमेचा वेग वाढला असून नोंदी आता कोटींच्या घरात गेल्या आहेत. व्याप्ती वाढत असताना अचूकता मोजण्याची व्यवस्था त्या प्रमाणात उभी राहत आहे का, हा प्रश्न म्हणूनच आता टाळता येण्याजोगा राहिलेला नाही.

तिरुवनंतपुरमचा हिशेब

या विषयावरील सर्वांत बोलका भारतीय दाखला केरळमधील आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात २००६ मध्ये सुरू झालेल्या चाचणीत ३० ते ६९ वर्षे वयाच्या १ लाख १५ हजारांहून अधिक महिलांचा समावेश होता. त्यांपैकी तपासणी गटातील ५०,३६६ महिलांची प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्यांनी हाताने तपासणी केली. पहिल्या फेरीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले.

या ५०,३६६ महिलांपैकी २,८८० जणींच्या तपासणीत संशयास्पद असे काही आढळले आणि त्यांना पुढील तपासण्यांसाठी पाठवण्यात आले. त्यांपैकी ३० जणींना कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. तपासणीची संवेदनशीलता ५१.७ टक्के, तर विशिष्टता ९४.३ टक्के नोंदवली गेली.

हे दोन शब्द एरवी वैद्यकीय नियतकालिकांत अडकून पडतात, पण त्यांचा अर्थ सरळ आहे. ज्यांना आजार आहे त्यांच्यापैकी किती जणींना तपासणीने ओळखले, ती संवेदनशीलता. ज्यांना आजार नाही त्यांच्यापैकी किती जणींना तपासणीने निरोगी ठरवले, ती विशिष्टता. संवेदनशीलता ५१.७ टक्के असणे याचा अर्थ, या गटात एकूण ५८ महिलांना कर्करोग होता, त्यांपैकी ३० सापडल्या आणि २८ निसटल्या. विशिष्टता ९४.३ टक्के असणे याचा अर्थ, कर्करोग नसलेल्या महिलांपैकी २,८५० जणींना विनाकारण रुग्णालयाची वाट धरावी लागली.

म्हणजेच एक कर्करोग शोधण्यासाठी ९६ महिलांना पुढे पाठवावे लागले. त्यांच्यातील ९५ जणींच्या वाट्याला बुडालेली मजुरी, प्रवासाचा खर्च, सोनोग्राफी किंवा सुईची तपासणी आणि निकाल येईपर्यंतची धास्ती एवढेच आले. दुसऱ्या बाजूला २८ महिला निर्धास्त मनाने घरी गेल्या आणि त्यांचा आजार वाढत राहिला. पहिली चूक गर्दीच्या रूपाने डोळ्यांसमोर येते. दुसरी चूक मात्र मुद्दाम शोधल्याशिवाय दिसत नाही.

‘अचूकता ९४ टक्के’ या दाव्याचा पोकळपणा

तिरुवनंतपुरमच्या याच आकड्यांतून आणखी एक गोष्ट उघड होते. एकूण ५०,३६६ तपासण्यांपैकी किती निकाल बरोबर ठरले, असे विचारले तर उत्तर ४७,४८८, म्हणजे ९४.३ टक्के असे येते. हा आकडा कोणत्याही जाहिरातीत शोभून दिसेल. पण एखाद्या कर्मचाऱ्याने कोणत्याही महिलेला हात न लावता सर्वांनाच ‘ठीक आहे’ असा शेरा दिला असता, तर ५८ निकाल वगळता बाकी सारे बरोबर ठरले असते. ती ‘अचूकता’ ९९.९ टक्के झाली असती आणि एकही कर्करोग सापडला नसता. ज्या आजाराचे प्रमाण हजारात एखादी व्यक्ती इतके कमी असते, तिथे अचूकतेचा एकच एकत्रित आकडा दिशाभूल करतो, तो असा.

दिलासा देणाऱ्या निकालाचेही तसेच आहे. ‘ठीक आहे’ असे सांगितलेल्या ४७,४८६ महिलांपैकी ९९.९४ टक्के महिलांना खरोखरच कर्करोग नव्हता. हे ऐकून तपासणी अत्यंत विश्वासार्ह वाटते. परंतु तपासणी होण्याआधीही त्या संपूर्ण गटातील सुमारे ९९.८८ टक्के महिलांना कर्करोग नव्हताच. निकालाने दिलेल्या अधिकच्या खात्रीचे माप या दोन आकड्यांमधील फरकाएवढेच आहे.

आजाराचे प्रमाण बदलले की तीच चाचणी वेगळी भासू लागते. समजा, कर्करोग रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात गाठ घेऊन आलेल्या १,००० महिलांपैकी २०० जणींना कर्करोग आहे. तिथे ५१.७ टक्के संवेदनशीलता आणि ९४.३ टक्के विशिष्टतेची चाचणी वापरली, तर सुमारे १४९ महिला संशयित ठरतील आणि त्यांपैकी १०३ जणींना खरोखर कर्करोग असेल. संशयितांमधील खऱ्या रुग्णांचे प्रमाण ६९ टक्के. गावात हेच प्रमाण १ टक्का होते. चाचणी तीच, तपासणारे हात तेच. बदलला तो फक्त समोर आलेला समूह. रुग्णालयात पारखलेल्या उपकरणाचे आकडे जसेच्या तसे गावातील शिबिराला लावणे त्यामुळे चुकीचे ठरते. शिवाय रुग्णालयात येणाऱ्यांच्या गाठी मोठ्या असतात. म्हणून तिथे मोजलेली संवेदनशीलताही वास्तवापेक्षा जास्त दिसते.

हा हिशेब डॉक्टरांनाही चकवतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ गर्ड गिगरेन्झर यांनी १६० स्त्रीरोगतज्ज्ञांपुढे असाच प्रश्न ठेवला होता. आजाराचे प्रमाण १ टक्का, संवेदनशीलता ९० टक्के आणि चुकीच्या इशाऱ्यांचे प्रमाण ९ टक्के असेल, तर मॅमोग्राफीत संशय आलेल्या महिलेला कर्करोग असण्याची शक्यता किती? योग्य उत्तर दहात एक इतके होते. ते देणाऱ्यांचे प्रमाण केवळ २१ टक्के होते. तोच प्रश्न टक्केवारीऐवजी ‘हजार महिलांपैकी किती’ अशा स्वरूपात मांडायला शिकवल्यावर ते ८७ टक्क्यांवर गेले. अडचण बुद्धीची नव्हती, मांडणीची होती. संशयित महिलेशी बोलणाऱ्या आशा कार्यकर्तीपासून तज्ज्ञ डॉक्टरांपर्यंत सर्वांनाच हा धडा लागू पडतो.

निसटलेले रुग्ण मोजायचे कसे?

संवेदनशीलता मोजणे हे या साऱ्यातील सर्वांत कठीण काम आहे. संशयित महिलांची पुढील तपासणी होते, त्यामुळे त्यांचे खरे निदान कळते. ‘ठीक’ ठरवलेल्यांची तशी तपासणी होत नाही आणि पन्नास हजार निरोगी महिलांना सुईच्या तपासणीला पाठवणे योग्यही नाही. म्हणून जगभर एकच मार्ग अवलंबला जातो. या महिलांवर ठरावीक काळ लक्ष ठेवायचे आणि दोन फेऱ्यांच्या दरम्यान किती जणींना कर्करोगाचे निदान झाले ते पाहायचे. अशा रुग्णांना मध्यंतरीचे कर्करोग म्हटले जाते.

त्यासाठी तपासणीची नोंद आणि कर्करोग नोंदणी या दोन याद्या एकमेकींशी जुळवाव्या लागतात. स्वीडन किंवा ब्रिटनसारख्या देशांत ही जुळवणी नियमित होते. भारतात मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ पासून सुरू आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रमही चार दशकांहून अधिक काळ चालू आहे. तरीही लोकसंख्येवर आधारित नोंदणी केंद्रांच्या कक्षेत देशाचा मर्यादित भागच येतो. कर्करोग हा सक्तीने कळवण्याचा आजार ठरवावा, अशी शिफारस संसदेच्या स्थायी समितीने २०२२ मध्ये केली होती. काही राज्यांनी तसे पाऊल उचलले आहे, मात्र देशभर एकसारखी व्यवस्था नाही.

नोंदणी अपुरी असेल तर एक विचित्र परिणाम होतो. निसटलेला रुग्ण कोणत्याच यादीत दिसत नाही आणि कागदावर तपासणीची संवेदनशीलता वाढलेली दिसते. नोंदी जितक्या ढिसाळ, तितकी मोहीम यशस्वी. लक्ष ठेवण्याचा काळही ठरलेला असावा लागतो. तो फार कमी ठेवला तर निसटलेले रुग्ण पुढे येण्याआधीच हिशेब बंद होतो. फार जास्त ठेवला तर तपासणीनंतर नव्याने झालेला कर्करोगही ‘निसटलेला’ म्हणून धरला जातो.

मॅमोग्राफीचे आकडे आणि भारतीय वास्तव

हाताच्या तपासणीतून निम्मे रुग्ण निसटत असतील तर सर्वांनाच मॅमोग्राफी का देऊ नये, असा प्रश्न स्वाभाविक आहे. अमेरिकेतील स्तनकर्करोग देखरेख संघाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, २००७ ते २०१३ या काळातील सोळा लाखांहून अधिक तपासण्यांच्या अभ्यासात मॅमोग्राफीची संवेदनशीलता ८६.९ टक्के आणि विशिष्टता ८८.९ टक्के आढळली. ती अधिक रुग्ण शोधते, पण तिथे निरोगी महिलांपैकी ११ टक्के महिलांना पुन्हा बोलावले जाते. याउलट स्वीडनमधील एका मोठ्या चाचणीत चुकीच्या इशाऱ्यांचे प्रमाण दीड टक्का होते. तंत्र एकच असले तरी संशयाची रेषा कुठे आखायची हे वाचणारा ठरवतो, आणि त्या निर्णयावर पद्धती, प्रशिक्षण तसेच खटल्यांची भीती यांचा प्रभाव पडतो. त्यामुळे विशिष्टता हा केवळ यंत्राचा गुण मानता येत नाही.

भारतात आणखी दोन अडचणी आहेत. येथे स्तनकर्करोगाचे निदान पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत सरासरी दहा वर्षे आधी होते. तरुण वयात स्तनातील ऊती दाट असतात. मॅमोग्राफीत दाट ऊती आणि गाठ दोन्ही पांढऱ्याच दिसत असल्याने संवेदनशीलता घटते. दुसरी अडचण मनुष्यबळाची आहे. यंत्र विकत घेता येते, पण त्यावरील चित्रे वाचणारे अनुभवी रेडिओलॉजिस्ट तालुक्याच्या ठिकाणी मिळत नाहीत.

तिसरा मुद्दा अतिनिदानाचा. काही कर्करोग इतके संथ असतात की, ते शोधले नसते तरी त्या महिलेला हयातीत त्यांचा त्रास झाला नसता. ब्रिटनमधील स्वतंत्र तज्ज्ञ समितीने २०१२ मध्ये असा निष्कर्ष काढला की, पन्नाशीपासून वीस वर्षे १०,००० महिलांना तपासणीसाठी बोलावल्यास स्तनकर्करोगाचे ४३ मृत्यू टळतात आणि १२९ महिलांना अतिनिदान होते. एका टळलेल्या मृत्यूमागे तीन अतिनिदाने, असे हे प्रमाण. तपासणी नाकारावी असा त्याचा अर्थ नव्हे. निर्णय घेणाऱ्या महिलेला दोन्ही आकडे कळले पाहिजेत, एवढाच त्याचा अर्थ.

अंतिम कसोटी मुंबईत

निदान किती अचूक, हा प्रश्न महत्त्वाचा असला तरी तो अखेरचा नाही. तपासणीमुळे मृत्यू कमी झाले का, ही अंतिम कसोटी. केवळ लवकर निदान झाल्यानेही ‘निदानानंतर जगलेली वर्षे’ वाढलेली दिसतात. मृत्यूची तारीख मात्र तीच राहू शकते. त्यामुळे जगण्याच्या वर्षांवरून तपासणीचे यश ठरवणे धोक्याचे असते आणि मृत्युदराची तुलना अपरिहार्य ठरते.

या कसोटीवरील मोठा भारतीय प्रयोग मुंबईत झाला. टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ३५ ते ६४ वर्षे वयाच्या १,५१,५३८ महिलांना घेऊन ही चाचणी सुरू केली. एका गटातील महिलांची प्रशिक्षित महिला आरोग्य कर्मचाऱ्यांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत हाताने तपासणी केली. दुसऱ्या गटाला कर्करोगाविषयी माहिती देण्यात आली. पाठपुरावा दोन दशके चालला आणि निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

तपासणी गटात तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात निदान झालेल्यांचे प्रमाण ३७ टक्के, तर दुसऱ्या गटात ४७ टक्के होते. स्तनकर्करोगाचा मृत्युदर तपासणी गटात १५ टक्क्यांनी कमी होता. मात्र संख्याशास्त्राच्या निकषावर ही घट निर्णायक ठरली नाही. वयानुसार पाहिल्यावर पन्नाशीच्या पुढील महिलांमध्ये मृत्युदर सुमारे ३० टक्क्यांनी घटलेला आढळला. दर लाख महिलांमागे वर्षाला ३४.६८ ऐवजी २४.६२ मृत्यू. पन्नाशीच्या आतील महिलांमध्ये तसा लाभ दिसला नाही. वयाची ही विभागणी निष्कर्षांनंतर केलेली असल्याने ती जपूनच स्वीकारावी लागते.

तरीही तिचे धोरणात्मक महत्त्व नाकारता येत नाही. निम्म्या रुग्णांना चुकवणारी साधी तपासणीसुद्धा योग्य वयात, योग्य अंतराने आणि चांगल्या प्रशिक्षणासह केली तर जीव वाचवू शकते, असा संकेत त्यातून मिळतो. त्याच वेळी राष्ट्रीय कार्यक्रमापुढे एक अवघड प्रश्नही उभा राहतो. मुंबईत दर दोन वर्षांनी तपासणी झाली. कार्यक्रमात ती दर पाच वर्षांनी अपेक्षित आहे. अंतर वाढले की मध्यंतरीच्या कर्करोगांना वाढायला तेवढा अधिक काळ मिळतो. मुंबईच्या निष्कर्षांचा आधार पाच वर्षांच्या वेळापत्रकाला आपोआप लाभत नाही.

नव्या यंत्रांचे दावे

याच सुमारास कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित साधने आणि उष्णतेच्या प्रतिमा घेणारी उपकरणे बाजारात येत आहेत. वेदना नाही, किरणोत्सर्ग नाही, खर्च कमी, अशी त्यांची मांडणी असते. स्वीडनमधील वर उल्लेख केलेली चाचणी या बाबतीत आदर्श म्हणता येईल. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या पहिल्या निष्कर्षांनुसार ८०,०३३ महिलांमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेची जोड दिल्यावर हजार महिलांमागे ५.१ ऐवजी ६.१ कर्करोग सापडले. चुकीचे इशारे वाढले नाहीत आणि चित्रे वाचण्याचे काम ४४ टक्क्यांनी घटले. महत्त्वाचे म्हणजे ही तुलना प्रत्यक्ष तपासणी कार्यक्रमात, दोन समान गटांमध्ये झाली. परंतु तो पुरावा स्वीडनमधील मॅमोग्राफीचा आहे, महाराष्ट्रातील किंवा बिहारमधील शिबिराचा नव्हे. उष्णतेच्या प्रतिमांबाबत तर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ही पद्धत मॅमोग्राफीला पर्याय नसल्याचे वारंवार बजावले आहे.

कोणत्याही नव्या उपकरणाच्या खरेदीपूर्वी आरोग्य यंत्रणेने चार गोष्टी विचारल्या पाहिजेत. आकडे रुग्णालयातील आहेत की समाजातील? ‘ठीक’ ठरवलेल्या महिलांवर किती काळ लक्ष ठेवले? एका खऱ्या रुग्णामागे किती महिला पुढे पाठवाव्या लागल्या? आणि सापडलेल्या गाठी किती लहान होत्या? या प्रश्नांची उत्तरे नसतील तर नव्वदीपुढची टक्केवारी निर्णयाच्या उपयोगाची नाही.

मोजमाप बदलण्याची गरज

उपाय अवघड तंत्रज्ञानाचा नाही. प्रत्येक जिल्ह्याने तपासलेल्या महिलांच्या संख्येबरोबर आणखी चार आकडे नोंदवले, तरी चित्र बरेच स्पष्ट होईल : पुढे पाठवलेल्या महिला, त्यांपैकी निदान पूर्ण झालेल्या, कर्करोग निश्चित झालेल्या आणि ‘ठीक’ ठरल्यानंतर पुढील फेरीपूर्वी कर्करोग आढळलेल्या. दहा हजार महिला तपासूनही एकही संशयित न आढळणारे केंद्र कार्यक्षम मानता येणार नाही. तिथे तपासणी केवळ कागदावर झाली असण्याची शक्यता अधिक.

दुसरा आकडा विशेष महत्त्वाचा आहे, कारण संशयित महिला निदानापर्यंत पोहोचलीच नाही तर तपासणीची अचूकता निरर्थक ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या स्तनकर्करोग उपक्रमाने यासाठी तीन मापदंड ठेवले आहेत : किमान ६० टक्के रुग्णांचे निदान पहिल्या दोन टप्प्यांत व्हावे, लक्षण घेऊन आल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावे आणि किमान ८० टक्के रुग्णांचे उपचार पूर्ण व्हावेत. तपासणीचे उद्दिष्ट जिल्ह्याच्या फलकावर लिहिले जाते, तसे हे तीन आकडेही लिहिले गेले पाहिजेत.

महिलांना दिला जाणारा संदेशही बदलावा लागेल. तिरुवनंतपुरममधील २८ महिलांचा अनुभव सांगतो की, ‘ठीक आहे’ हा शेरा त्या दिवसापुरता आणि त्या हातांपुरता असतो. त्यानंतर गाठ जाणवली, स्तनाग्रातून स्राव आला, त्वचा ओढली गेली किंवा खाच पडली, तर पुढील फेरीची वाट न पाहता डॉक्टरांकडे जायला हवे. आणि ‘पुढे तपासा’ असे सांगितले गेले तर घाबरून घरी बसण्याचे कारण नाही, कारण अशा ९६ महिलांपैकी ९५ जणींना कर्करोग नव्हता. हे दोन्ही संदेश तपासणीच्या वेळीच स्पष्टपणे, मराठीत किंवा त्या महिलेच्या भाषेत आणि टक्केवारीऐवजी माणसांच्या संख्येत सांगितले गेले, तर मोहिमेवरील विश्वास टिकेल.

देशात आता तपासणी मोठ्या प्रमाणावर सुरू झाली आहे, ही स्वागतार्ह बाब. पुढच्या टप्प्यात तिच्या चुकाही तितक्याच काटेकोरपणे मोजाव्या लागतील. निसटलेल्या रुग्णांची नोंद ठेवणारी यंत्रणा उभी राहिली, तरच तपासणीच्या कोटींच्या आकड्यांतून किती जीव वाचले हे सांगता येईल.